किलो प्रति आसामी

आत्यानं फोनवर एकच अट घातली.

"येते तुझ्याकडे राहायला. पण पायाला फरशी गार लागली, तर दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरी परत. गुडघा नवा आहे माझा, त्याचे लाड करायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"हो आत्या," असं काटेकोरांनी चार वेळा म्हटलं आणि फोन ठेवून घाम पुसला. काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. वजनमापे कार्यालयात ते हेडक्लार्क होते. सव्वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून त्यांच्यावर शिक्के मारत आलेले. घरी चहाची पावडर टाकतानासुद्धा चमच्यावरचा डोंगर ते बोटानं सपाट करत. अशा माणसाला गल्लीनं काटेकोर म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

आत्यापुढे मात्र त्यांचा बाळ्या व्हायचा. आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते, आणि तेव्हापासून आत्यानं त्यांना अक्षरशः काखोटीला मारून वाढवलं. लग्न केलं नाही, कुणाच्या दारात राहायला गेली नाही. ती जिन्यावरून उतरायला लागली की खालून वर येणारी माणसं मुकाट्यानं परत खाली जायची, असा तिचा दबदबा. तीच आत्या चार महिन्यांपूर्वी त्या जिन्यावरून पडली. दोन महिने दवाखान्यात काढले आणि आता पुन्हा तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहत होती. आपल्याकडून ती रागावून परत गेली, तर पुढचा फोन तिचा नसेल, तिच्याबद्दलचा असेल, ही भीती काटेकोरांच्या मनात घर करून बसली होती. तिला इथे कायमची ठेवून घ्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

तळमजल्यावर रिकामी अशी एक मागची खोलीच होती. रिकामी म्हणजे स्कूटर, तीन लंगड्या खुर्च्या आणि 'लागेल कधीतरी' या सदरातल्या सगळ्या वस्तू बाहेर काढल्यावर रिकामी. खाली नुसती माती. गवंड्यानं येऊन त्या मातीवर दोनदा टाच आपटली आणि निकाल दिला, "साहेब, खाली थर्माकोल टाकू, वर काँक्रीट ओतू. जमिनीचा गारवा वर यायचा नाही."

"थर्माकोल?" काटेकोरांच्या पत्नीनं विचारलं. "टीव्हीच्या खोक्यात असतो तो? त्याच्यावर आत्या?"

"तो नव्हे वहिनी. याचे टणक तक्ते येतात, गुलाबी. त्यांना ताकदीचा नंबर असतो. नंबर मात्र तुम्ही ठरवून आणा. उद्या फरशी खचली तर ते माझ्या गळ्यात नको."

आता गवंड्याच्या गळ्यात नको असलेली गोष्ट घरमालकाच्याच गळ्यात येते. काटेकोर दुसऱ्या दिवशी तक्त्यांच्या दुकानात गेले.

"कितीचा देऊ?" दुकानदारानं विचारलं. "शंभर, दोनशे, तीनशे, पाचशे?"

"शंभर काय?"

"केपीए."

इथे काटेकोर अडखळले. त्यांच्या खात्यात किलो होते, लिटर होते, मीटर होते. दाब वगैरे भानगडी दुसऱ्या खात्याकडे. पण ज्या माणसानं अर्ध्या बाजाराचे तराजू जप्त केले, त्यानं एका दुकानदाराला मापाचा अर्थ विचारायचा? सव्वीस वर्षांची अब्रू काउंटरवर काढून ठेवण्यातला प्रकार. त्यांनी घसा खाकरला आणि आवाजात तपासणीला आल्याचा रुबाब आणला. "केपीए... म्हणजे तुमच्या दुकानात त्याचा अर्थ काय धरतात?"

दुकानदारालाही तो ठाऊक नव्हता. पण 'माहीत नाही' हा माल दुकानदार कधी ठेवत नाही. "सोपं आहे साहेब," तो म्हणाला. "किलो प्रति आसामी."

"तेच म्हणतोय मी," काटेकोर म्हणाले.

आणि खरोखर, किती सरळ होतं ते! शंभरचा तक्ता म्हणजे शंभर किलोचा माणूस चालेल, दोनशेचा म्हणजे दोनशेचा. कोणीतरी समंजस माणसानं हे माप काढलं असणार, असं वाटून काटेकोरांना त्या अज्ञात माणसाबद्दल आदर वाटला. त्यांनी शंभरचा एक नमुन्याचा तक्ता काखेत मारला आणि घर गाठलं.

तक्ता घरात येतो न येतो तोच शेजारचे मास्तर हजर. मास्तर चित्रकलेचे, निवृत्त. शाळेत असताना ते फक्त चित्रकलेवर बोलत. निवृत्त झाल्यापासून सगळ्यावर बोलत. त्यांनी तक्ता टिचकीनं वाजवून पाहिला, नाकाशी नेऊन पाहिला, आणि म्हणाले, "काटेकोर, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. प्रयोग करा. खुर्ची आणा."

तक्ता जमिनीवर ठेवला, त्यावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर मास्तर उभे राहिले. मास्तरांचं वजन बासष्ट. कर्रर्र असा आवाज झाला आणि खुर्चीचे चारही पाय तक्त्यात बोटभर रुतले. मास्तर तसेच वर हात धरून उभे राहिले, कारण उतरावं तर तोल जातोय आणि थांबावं तर बुडतोय.

"अहो, मध्ये काँक्रीट असणार आहे ना?" काटेकोरांची पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "की आत्या थर्माकोलवर खुर्ची टाकून बसणार आहेत? त्यापेक्षा पालिकेतल्या इंजिनिअरबाईंना विचारून या की."

हे त्या घरात त्या महिन्यात बोललं गेलेलं एकमेव शहाणं वाक्य होतं, त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दोघं पुरुष चार भोकांभोवती उकिडवे बसून राहिले. बासष्ट किलोला शंभरचा तक्ता हरतो, तर आत्याला किती लागेल? आणि मुळात आत्याचं वजन किती?

हा प्रश्न आजवर त्या कुटुंबात कोणी उच्चारला नव्हता. काटेकोरांनी धीर करून फोन लावला. गेल्या चार महिन्यांत ते तिला एकदाच भेटले होते, दवाखान्यात पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा ती गळ्यापर्यंत पांघरुणात होती. फोन मात्र रोजचा. आवाज पूर्वीसारखाच दणदणीत होता.

"आत्या, ते औषधाचं प्रमाण वजनावर असतं म्हणे..."

"डॉक्टर आहेस का तू?"

"नाही."

"मग तुझ्या दुकानदारांची वजनं कर." फोन बंद.

तेव्हा मास्तरांनी पेन्सिल काढली. फार वर्षांपूर्वी आत्या काटेकोरांच्या स्कूटरवर मागे बसली होती आणि पुढचं चाक वीतभर वर उचललं गेलं होतं, ही आठवण सगळ्या गल्लीची होती. त्या आठवणीवरून मास्तरांनी कॅलेंडरच्या पाठीवर स्कूटरचं सुंदर चित्र काढलं, शेडिंगसकट. त्यावर बाण काढले, तरफेचा नियम लावला, स्कूटरचं वजन घातलं, तेव्हाच्या सडपातळ काटेकोरांचं घातलं, पेट्रोलसुद्धा घातलं. मग मधल्या वर्षांत माणूस वाढतंच, म्हणून काही किलो वर टाकले. उत्तर आलं एकशे अठरा.

"एकशे अठरा," काटेकोर पुटपुटले. आपण केवढ्या बाईच्या कडेवर वाढलो, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला. खुर्चीचा अनुभव जमेस धरून त्यांनी सरळ पाचशेचे तक्ते आणले. दुकानात पाचशेचे फक्त एक इंच जाडीचे होते. घेऊन टाकले. ताकद असली म्हणजे जाडी कशाला हवी?

तक्ते बैठकीच्या खोलीत छातीइतके रचले गेले. घरातली माणसं त्यांना वळसा घालून, पोटं आत घेऊन हिंडू लागली. गवंडी म्हणाला, "आता पालिकेची परवानगी आणा, उद्या ओततो." म्हणजे इथवर जे झालं ती नुसती नांदी होती.

पालिकेच्या अर्जात बावीस रकाने होते. 'थराची ताकद, केपीए' या रकान्यात काटेकोरांनी डौलदार अक्षरात पाचशे लिहिलं. खिडकीतल्या कारकुनानं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'ताकद ठरवण्याचा आधार.'

"आधार जोडा."

"इंजिनिअरबाईच बघतील ना ते?"

"बाई सुट्टीवर. पण आधार जोडल्याशिवाय फाईल माझ्याकडून हलत नाही."

आता काटेकोर स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य घालवलेला माणूस. बाहेरच्या बाजूनं वाद घालून काही होत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी घरी येऊन आधार तयार केला. खोली वापरणाऱ्या आसामींची यादी, वजनासह. स्वतः: अडुसष्ट. पत्नीनं पेन हिसकावून आपल्या नावापुढे स्वतःच लिहिलं: 'बेताचं'. आत्या: एकशे अठरा. खाली सही, तारीख, आणि सवयीनं 'तपासून बरोबर आढळले' हा शेरा.

"बेताचं हा आकडा नाही," कारकून म्हणाला.

"तुम्ही येऊन विचारा तिला," काटेकोर म्हणाले. कारकून विवाहित असावा. त्यानं फाईल ठेवून घेतली.

फाईल ठेवून घेतली आणि नियमाप्रमाणे तिची सगळी पानं हरकतींसाठी सात दिवस बाहेरच्या काचेच्या बोर्डात लावली. संध्याकाळी त्याच इमारतीतलं आपलं ऑफिस सुटल्यावर काटेकोर त्या बोर्डावरून गेले आणि जागच्या जागी थिजले. मधोमध, चांगल्या उजेडात, 'आत्या: एकशे अठरा'. त्यांनी काचेवर नखं मारून पाहिली. कुलूप होतं. पुढचे दोन दिवस ते जेवणाच्या सुट्टीत बोर्डाकडे पाठ करून उभे राहत आणि कोणी वाचायला आलं की हवापाण्याच्या गप्पा काढत. हेडक्लार्कसाहेबांना काहीतरी झालंय, अशी कुजबुज दोन्ही खात्यांत सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी हरकत आली. मास्तरांची.

"मास्तर, तुम्ही? आकडा तर तुम्हीच काढलात!"

"म्हणूनच तर," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "एकशे अठरा किलो माझ्या भिंतीला लागून चालणार. गणित माझं आहे, त्यामुळे धोका किती ते माझ्याइतकं कोणाला कळणार? मैत्री वेगळी, भिंत वेगळी."

काटेकोरांनी त्यांच्याशी अबोला धरला. तो अर्धा दिवस टिकला, कारण कारकुनानं हरकत रीतसर अर्जात पुन्हा मागितली, तो अर्ज कसा लिहायचा हे मास्तरांना त्यांनाच विचारावं लागलं, आणि अर्ज अशुद्ध गेलेला काटेकोरांना बघवेना.

पण खरा घात वेगळाच झाला. मास्तरांच्या बायकोची बहीण आत्याच्याच इमारतीत राहत होती. बातमीला याहून जास्त काय लागतं?

सुनावणीच्या सकाळी काटेकोर पालिकेच्या पायऱ्या चढत होते, तेवढ्यात टॅक्सी थांबली आणि आतून आधी काठी आली. मग आत्या. गळ्यापासून पायापर्यंत जाड कोट, वर शाल, डोक्याला रुमाल. येणार होती पुढच्या रविवारी. तिनं काटेकोरांकडे बघितलंही नाही. काठी टेकत टेकत ती सरळ बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. तिथे दोन बायका आधीच वाचत उभ्या होत्या. आत्या त्यांच्या मागे बराच वेळ थांबली, आणि मग आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. एक शब्द बोलली नाही.

आत्या ओरडली असती तर काटेकोरांना सवय होती. गप्प बसलेली आत्या त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. संपलं, त्यांना वाटलं. आता ही एक रात्रसुद्धा राहायची नाही.

इंजिनिअरबाई सुट्टीवरून ताज्या परतल्या होत्या. त्यांनी फाईल उघडली, पान उलटलं, पुन्हा आधीचं पान काढलं. "हे आसामी काय आहे?"

"केपीएमधला ए," काटेकोर म्हणाले. "किलो प्रति—" आणि बाईंचा चेहरा बघून त्यांचा आवाज मध्येच बसला.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. "केपीए म्हणजे किलोपास्कल, दाबाचं माप. शंभरच्या तक्त्याला नीट दाबायचं, तर एका चौरस मीटरवर दहा हजार किलो ठेवावे लागतात. आपण कायमचं वजन तीन हजारांच्या आत धरतो, म्हणजे तो बसत जात नाही. तुमच्या खोलीत काँक्रीट, खाट, कपाट, माणसं सगळी धरून चौरस मीटरला पाचशे किलोसुद्धा होत नाहीत. या यादीतल्या बाईंसारख्या पंचवीस जणी एका मीटरवर जन्मभर उभ्या राहिल्या, तरी शंभरचा तक्ता हूं का चूं करायचा नाही."

"पण खुर्चीचे पाय रुतले!" मास्तर उठून म्हणाले. "मी स्वतः वर होतो!"

"खुर्ची उघड्या तक्त्यावर होती. घरात मध्ये काँक्रीट असतं, ते वजन सगळीकडे पसरवून देतं."

काटेकोरांना दारातून आलेलं पत्नीचं वाक्य आठवलं, आणि हे तिला सांगायचं की नाही, यावर त्यांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. सांगायचं नाही.

"आणि हे एक इंच?" बाईंनी पुन्हा पान उलटलं. "हा थर तुम्ही कशासाठी टाकताय?"

"पाय गार पडू नयेत म्हणून."

"मग ताकदीचं काय घेऊन बसलात? ऊब जाडीनं राहते. तुमच्या या फरशीवर विमान उतरवा खुशाल, पण पाय गारठतील. शंभरचेच घ्या, चार इंच जाड. हे परत करा."

ताकद, ताकद करता करता आत्याचे पाय आपण साफ विसरलो, हे काटेकोरांना कळलं आणि कानशिलं तापली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या माणसाला आपली चूक भर सभेत, मास्तरांसमोर, अशी हातात मिळाली. बाईंनी हरकत निकाली काढली आणि यादीचं पान फाईलमधून सोडवून पुढे केलं. "ह्याची गरजच नव्हती. फाडून टाका."

काटेकोरांनी घाईनं हात पुढे केला.

"फाडू नकोस." कोपऱ्यातून आवाज आला. "आधी वजन. तुझ्या काट्यावर."

वजनमापे कार्यालय त्याच इमारतीत मागच्या बाजूला होतं. सगळ्यांना बाहेर ठेवून आत्यानं दार लावून घेतलं. मोठ्या काट्यापुढे उभी राहून तिनं काठी काटेकोरांच्या हातात दिली. "पॅकिंगसकट नको हं. निव्वळ वजन."

शाल काढली. कोट काढला. कोटाखाली एक स्वेटर होता, त्याखाली दुसरा. एकेक कपडा काटेकोरांच्या हातावर येत गेला आणि समोरची बाई लहान लहान होत गेली. शेवटी काट्यावर चढली ती एक किरकोळ म्हातारी, मनगटं पेन्सिलीएवढी.

काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

"काटा बिघडलाय," काटेकोर म्हणाले.

"शिक्का कुणाचा आहे त्याच्यावर?"

"माझाच."

"मग?"

काटेकोरांनी पुन्हा आकड्याकडे बघितलं. चार महिने रोज फोन केला आपण, आणि आवाजावरून वजन धरून चाललो. एकदा जाऊन नीट बघितलं असतं तर! त्यांना रडू येत होतं आणि हात कपड्यांनी भरल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

"रडू नकोस, स्वेटर भिजेल," आत्या म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला, इतका की काटेकोर जवळ सरकले. "दवाखान्यात नर्स मला एका हातानं कुशीवर वळवायची. एका हातानं, बाळ्या! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुझ्याकडे यायचं म्हणजे कोपऱ्यातली एक म्हातारी होऊन पडायचं, असंच वाटत होतं. ती फरशीची अट उगाच होती. परत जायला निमित्त असावं म्हणून."

"आणि आता?"

"आता त्या बोर्डापुढे दोघी जणी म्हणत होत्या, 'केवढी धिप्पाड बाई असेल गं, हिच्यासाठी जमीन पक्की करतायत!'" आत्याचे डोळे लुकलुकले. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चार महिन्यांत मला कोणी घाबरलंच नव्हतं रे. ते पान फाईललाच राहू दे. राहते मी."

कोट चढला, शाल चढली, रुमाल बांधला गेला. आत्या काठी टेकत बाहेर आली तेव्हा मास्तरांनी आपोआप भिंतीला चिकटून वाट दिली.

खिडकीपाशी रांग होती. कारकुनानं हात पुढे केला. "द्या ते पान, फाडतो."

"फाडायचं नाही," काटेकोर म्हणाले. "फाईलला राहील."

"राहायचं असेल तर शेरा खरा लागतो साहेब. वजन केलंत का?"

काटेकोरांनी हातातल्या पानाकडे बघितलं. त्यावर त्यांचीच सही होती, त्यांचाच शेरा होता. सव्वीस वर्षांत त्यांनी ग्रॅमभराचा फरक कोणाला माफ केला नव्हता. त्यांनी एकदा मागे वळून आत्याकडे बघितलं, आणि पान खिडकीतून आत सरकवलं.

"केलं," ते म्हणाले. "एकशे अठरा. बरोबर आहे."

"आणि तेही उपाशीपोटी!" मागून आत्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी गरजली.